पेन घरून आणायचा

दिवाळीच्या आधी गच्ची झाडायला घेतली की दरवर्षी तो निळा ड्रम काढून टाकायचा विषय निघतो आन दरवर्षी आण्णा म्हणतात "राहू दे". दोनशे लिटरचा ड्रम आहे, बुडाला क्षाराचा पांढरा थर, पोटावर ऑइल पेंटनं आमचं आडनाव आन घर नंबर लिहिलेला, कारण त्या उन्हाळ्यात ड्रमसुद्धा चोरीला जायचे. २०१६ चा उन्हाळा. आता गंमत अशी की तो ड्रम बघितला की मला इंग्लंडमधला ब्रेक्झिट आठवतो, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं ते, म्हणजे माझ्या डोक्यात ह्या दोन्ही गोष्टी एकाच कप्प्यात पडलेल्या आहेत. कशा ते सांगतो, जरा लांबण लागंल.

लातूरकराला २०१६ सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी दोन ओळी. मांजरा धरण कोरडं पडलं, नळाला पाणी बंद, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, १४४ कलम, म्हणजे पाण्यासाठी पाचपेक्षा जास्त माणसं जमली तर गुन्हा. मग १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी (पाण्याचे डबे) आन पाच लाख लिटर पाणी, पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. नाव ठेवलं जलदूत. गाडी आल्या आल्या कुणी आणली ह्याचे बॅनर पाण्याच्या आधी चौकात लागले, ते बॅनर मी स्वतः बघितलेत.

त्याच उन्हाळ्यात माझा मावसभाऊ स्विंडनला होता. घरातले सगळे त्याला लंडनवाला म्हणतात, तो बिचारा सांगून सांगून थकला की स्विंडन लंडनपासून १३० किलोमीटरवर आहे, म्हणजे लातूरच्या माणसाला नांदेडवाला म्हणल्यासारखं, पण मावशीच्या लेखी पोरगं लंडनला आहे म्हणजे लंडनलाच आहे. आयटीत आहे, तेव्हा वर्क व्हिसावर होता, पासपोर्ट आपला, निळा. मी टँकरच्या लायनीत उभा असायचो तेव्हा त्याचा नेमका फोन यायचा. "काय करलालास?" "पाण्याच्या लायनीत हाव." "आमच्याकडं बी लई तापलंय, पण राजकारण." अशी सुरुवात व्हायची.

एक दिवस म्हणाला मला मत द्यायचंय. म्हणलं कशाचं? तर म्हणे ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहायचं का बाहेर पडायचं त्याचं, २३ जूनला. मला वाटलं फेकायलाय. पण खरंच होतं. त्या सार्वमतात ब्रिटिश आन आयरिश नागरिकांबरोबर तिथं राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या (बहुतेक एके काळी इंग्रजांच्या राज्यातले देश) लोकांनाही मत होतं, आन भारत कॉमनवेल्थमध्ये, त्यामुळं लातूरच्या औसा रोडचा पोरगा, जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, तो ब्रिटनचं पुढचं ठरवणार होता. आन त्याच्या ऑफिसातली पोलंडची बाई, दहा वर्षं तिथं टॅक्स भरणारी, पोरं तिथल्या शाळेत, तिला मत नाही, कारण ती युरोपियन युनियनची नागरिक. ज्या नात्याचा फैसला व्हायचा त्या नात्यातल्या माणसालाच विचारायचं नाही.

त्याच्यापेक्षा भारी किस्सा त्याच्या शेजाऱ्याचा. स्विंडनमध्ये गोव्याचे लोक बरेच आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आन त्यांच्या पोराबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, ते घ्यायचं आन युरोपात कुठंही, तेव्हा ब्रिटनमध्येही, जायचं. तर शेजारी शेजारी दोन घरं, दोन्ही घरात मच्छीचा वास, एकाला भारतीय पासपोर्ट म्हणून मत आहे, दुसरा पोर्तुगीज पासपोर्टवाला म्हणून त्याला नाही. तो गोव्याचा शेजारी म्हणायचा, माझ्या आजोबाला मिळालं होतं मत, मला नाही.

आजोबाचं ते मत म्हणजे १६ जानेवारी १९६७ चं. आपल्याकडं सार्वमत म्हणलं की लोक ब्रेक्झिट म्हणतात, पण गोव्यानं ते कधीच करून टाकलं होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचं. चिन्हं दोन, विलीनीकरणाला फूल आन वेगळं राहायला दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आम्ही महाराष्ट्रवाले हरलो तिथं, शाळेत हे कुणी फार रंगवून सांगत नाही. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते आन ते स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे, म्हणून लोकांना शंका नको तर सरकारनं आधी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट लागली आन मग मतदान झालं. ते हरले. आन त्यानंतर दोनच महिन्यात निवडणूक झाली त्यात लोकांनी परत त्यांनाच निवडून दिलं. म्हणजे एका प्रश्नावर तुमचं ऐकणार नाही, पण कारभार तुम्हीच करा. असा विश्वास आता कुठं बघायला मिळतो का, मला तरी दिसला नाही.

ब्रिटनमध्ये उलटं. सरकार खुर्चीवर बसून, खुर्चीतूनच प्रचार करायलेलं. तेव्हाचा पंतप्रधान कॅमेरून, त्याच्या सरकारनं "राहणंच बरं" असं सांगणारं पत्रक छापून घरोघरी पाठवलं, ९३ लाख पौंड खर्च करून. मावसभाऊ म्हणाला त्याच्या दारात ते पत्रक पडलं तेव्हा त्याच्या घरमालकानं ते उचललं, न वाचता दुमडलं आन डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. म्हणे टेबल एकदम सरळ झालं, पहिल्यांदाच सरकारच्या कागदाचा उपयोग झाला.

तो घरमालक म्हातारा मला ह्या सगळ्यात सगळ्यात जवळचा वाटतो, कधी भेटलो नाही तरी. कारण तो अगदी आपल्या मोंढ्यातल्या माणसासारखा बोलायचा. हे सगळे चोर आहेत. २००३ ला म्हणले इराककडं भयानक अस्त्रं आहेत, निघाली नाहीत. २००८ ला बँका बुडाल्या, बँकवाल्यांना वाचवलं आन बिल आमच्यावर फाडलं. २००९ ला खासदारांच्या भत्त्यांचं प्रकरण बाहेर आलं, एकानं तर तळ्यातल्या बदकांसाठी घर घेतलं आन त्याचे १६४५ पौंड सरकारकडं मागितले (ते मंजूर झाले नव्हते, पण लोकांच्या डोक्यात बदकाचं घर बसलं ते बसलंच). २०१० ला एका पक्षानं लिहून दिलं की कॉलेजची फी वाढू देणार नाही, सत्तेत वाटा मिळाला आन फी ९००० पौंडापर्यंत गेली. कॅमेरून म्हणाला बाहेरून येणारे लोक, जाणारे वजा करून, वर्षाला लाखाच्या खाली आणतो, आन सार्वमताच्या ऐन महिनाभर आधी आकडा आला तीन लाख तेहतीस हजारचा. आता सांगा, ह्या माणसानं टीव्हीवर येऊन "बाहेर पडलात तर वाटोळं होईल" म्हणलं तर त्या म्हाताऱ्यानं का ऐकावं?

ऐकलंच नाही. तिथला अर्थमंत्री ऑस्बॉर्न, त्याच्या खात्यानं हिशोब काढला की बाहेर पडल्यास २०३० पर्यंत दर घरामागं वर्षाला ४३०० पौंडाचं नुकसान. वर मतदानाला आठ दिवस राहिले असताना म्हणाला की बाहेर पडलात तर लगेच ३० अब्ज पौंडाची करवाढ आन कपात करावी लागंल. हे म्हणजे शाळेतल्या मास्तरनं "फिरायला गेलात तर सगळ्यांना छडी" म्हणण्यासारखं झालं, पोरं हमखास फिरायला जातात. (ते बजेट पुढं कधी आलंच नाही, तो मंत्रीच गेला.) कॅमेरूननं मे महिन्यात एक भाषण केलं, युरोपातली शांतता टिकलंच ह्याची खात्री आहे का असा सूर लावला, पेपरवाल्यांनी त्याचं थेट तिसरं महायुद्ध करून टाकलं. मावसभाऊ फोनवर हसून हसून सांगत होता, बाहेर पडलो की बॉम्ब पडणार म्हणे.

आन दुसरी बाजू काय कमी होती का. बाहेर पडा म्हणणाऱ्यांची ती लाल बस. बसवर लिहिलेलं की आपण युरोपियन युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या सरकारी दवाखान्यांना देऊ. आता हा आकडा कसा, तर आडतीवर सोयाबीनची पट्टी दाखवताना फक्त वरची रक्कम दाखवायची आन खाली हमाली, तोलाई, उचल कापून हातात किती पडले ते सांगायचंच नाही, तसा. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईनं १९८४ मध्ये भांडून ब्रिटनसाठी सूट मिळवली होती, ती सूट पैसे जायच्या आधीच कापली जायची, म्हणजे ३५ कोटी कधी जातच नव्हते, २५ च्या आसपास जायचे, आन त्यातलेही काही शेतकऱ्यांच्या अनुदानातून, मागास भागाच्या कामातून परत यायचे. हे कुणी विरोधकानं नाही सांगितलं, तिथं सरकारी आकडेवारीवर नजर ठेवणारी स्वतंत्र संस्था आहे, तिचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू डिलनॉट यांनी मे महिन्यात स्पष्ट म्हणलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. बस काय थांबली नाही. फिरतच राहिली. त्या प्रचाराचं डोकं असलेला डॉमिनिक कमिंग्ज, त्यानं नंतर स्वतः लिहिलंय की हा आकडा मुद्दाम भांडण लावायला निवडला होता, आन हा आकडा आन दवाखाना नसता तर बहुतेक जिंकलो नसतो. भांडण ३५ का २५ ह्याच्यावर चालू, आन ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय राहिलं, तर लई पैसे जायलेत.

मग मायकल गोव्ह नावाचा, बाहेर पडा म्हणणारा मंत्री टीव्हीवर म्हणाला की लोकांना आता तज्ज्ञांचा कंटाळा आलाय, हे लोक सारखे चुकतात आन वर आम्हालाच कळतं म्हणतात. झालं. पंचच मैदानाबाहेर काढला. मंत्र्यावर विश्वास नाही हे समजू शकतो, पण त्याच्याबरोबर डिलनॉटसारखा आकडा तपासणारा माणूसही "त्यांच्यातलाच" झाला.

आता इथं मला आमच्या गल्लीतला प्रसंग सांगायचाय, खरं तर तो सांगायलाच हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या गल्लीत आठ दिवसाला टँकर यायचा, घरटी दोनशे लिटर. मे महिन्यात एकदा नववा दिवस झाला, दहावा झाला, टँकर नाही. गुरुवारची संध्याकाळ. पाण्याचं काम बघणारा एक पोरगेला इंजिनिअर मोटरसायकलवर आला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात वही. त्यानं सांगितलं, रविवारच्या आत टँकर येणार नाही, दोन गाड्या बिघडल्यात, यादीत तुमची गल्ली रविवारी सकाळी आहे, तोवर जपून वापरा. बास, एवढं बोलला. लोकांनी त्याची गाडीच धरली. कुणी म्हणलं पैसे खाऊन पाणी हॉटेलला विकलं, कुणी वही ओढली, मी स्वतः, खोटं कशाला बोलू, मी स्वतः त्याला म्हणलं की तुमच्या साहेबाच्या घरी आंघोळी होतात का नाही ते आधी सांग. ते पोरगं रडकुंडीला आलं. कसंबसं निसटलं.

अर्ध्या तासानं आमच्या भागातले एक पुढारी आले (नाव कशाला, आता ते तिसऱ्या पक्षात आहेत). पांढरी लिनन, पाठीमागं चार पोरं. म्हणाले, मी आत्ताच वर बोललो, उद्या सकाळी सहाला टँकर दारात, ही माझी जबाबदारी. लोक शांत झाले. समोरच्या काकूंनी त्यांना चहा केला, पाणी नसताना. आन रात्री अकरा वाजता बघतो तर अख्ख्या गल्लीत दारासमोर निळे ड्रम लायनीत मांडलेले. आमचाही.

मी घरात आल्यावर आण्णा ओट्यावर बसूनच होते. म्हणले, "खरं बोलणाऱ्याला मारायला निघालाव आन फेकणाऱ्याला च्या पाजलाव."

म्हणलं, आण्णा, त्याच्यावर कोण विश्वास ठेवलाय, सगळ्यांना माहीत आहे तो फेकायलाय म्हणून.

"मग ड्रम कामून बाहेर काढलाव?"

शुक्रवारी टँकर आला नाही, शनिवारी आला नाही, रविवारी सकाळी साडेनऊला आला, त्या पोरानं सांगितल्याप्रमाणं. त्याला कुणी चहा पाजला नाही. तो आलाच नव्हता, कशाला येईल.

तर हे डोक्यात ताजं असताना मावसभावाचा फोन आला, मतदान झाल्या झाल्या. तिकडं आदल्या रात्रीपासून धो धो पाऊस, इकडं आम्ही आभाळाकडं बघत बसलेलो. म्हणाला, इथलं मतदान म्हणजे कमालच आहे, ओळखपत्र मागितलंच नाही, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, कागद हातात दिला. (आता मागतात, २०२३ पासून.) बोटाला शाई नाही, काही नाही. कागदावर प्रश्न एकच, सदस्य राहायचं का बाहेर पडायचं, समोर दोन चौकोन, आन फुली मारायला दोरीनं बांधलेली शिसपेन्सिल. त्याच्या पुढं एक बाई होती, तिनं ती पेन्सिल बाजूला सारली, पर्समधून पेन काढला आन त्यानं फुली मारली. त्याला कळंना, बाहेर येऊन विचारलं तर कळलं की लोकांमध्ये पसरलंय, पेन्सिलनं केलेली फुली गुप्तचर खातं रात्री खोडरबरानं पुसतंय, म्हणून पेन घरून आणा. हॅशटॅग होता त्याचा. तीन कोटींच्या वर मतं होणार होती बरं का, तीन कोटी फुल्या खोडायच्या म्हणजे किती खोडरबर लागतील ह्याचा कुणी हिशोब केला नाही. नाव सांगितलं की कागद देणारी व्यवस्था, ओळखपत्रसुद्धा न मागणारी, एवढा भरवसा माणसावर, आन त्या माणसाचा व्यवस्थेवर एका पेन्सिलीपुरता भरवसा नाही. मला त्या बाईवर हसायला आलं आन लगेच बंदही झालं, कारण आपल्याकडं मशीनवरून काय काय चालतं ते काय मी नव्यानं सांगू.

मग विचारलं, तू कुणाला मारलंस?

"बाहेर पडायचं."

मी उडालोच. अरे तू बाहेरून गेलेला, व्हिसावर राहतोस, बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्यांना मत दिलंस? तर त्याचं लॉजिक तयार होतं. म्हणे युरोपातला कुणीही बिनव्हिसाचा येतो आन मला दर वेळी कागदं दाखवावी लागतात, हे बंद झालं तर सगळ्यांना एकच नियम, मग आपल्या लोकांना जास्त जागा. हे त्याच्या एकट्याचं नव्हतं. प्रीती पटेल तेव्हा मंत्री, त्या करी हाऊसवाल्यांना हेच सांगत फिरत होत्या, की युरोपमुळं तुम्हाला आपल्याकडचे आचारी आणता येत नाहीत, बाहेर पडलो की नियम सोपे होतील. खूप बांगलादेशी, भारतीय हॉटेलवाल्यांनी त्याच्यावर मत दिलं. नंतर आचाऱ्याच्या व्हिसाची पगाराची अट होती तशीच राहिली आन ते लोक जाहीरपणे म्हणले की आमची फसवणूक झाली.

आन ती बस? मी विचारलं. तो आकडा खोटा आहे हे माहीत नव्हतं का तुला, तू तर दिवसभर एक्सेल घेऊन बसणारा माणूस.

"माहीत होतं की. पण तो खोटा आहे म्हणून सांगणारे कोण? कॅमेरून, ऑस्बॉर्न. त्यांनी कधी खरं सांगितलंय?"

मला आमच्या गल्लीतले निळे ड्रम दिसले डोळ्यासमोर, रात्री अकराचे. मी काही बोललो नाही, कारण त्यातला एक माझा होता.

आपल्याकडं "सगळे सारखेच" म्हणणं हे शहाणपणाचं लक्षण समजतात. चहाच्या टपरीवर जो असं म्हणतो त्याला मान मिळतो. मी पण म्हणत आलोय. पण तो शुक्रवार आल्यापासून मला ह्यात एक खोट दिसायला लागलीय. सगळे खोटारडे आहेत असं एकदा ठरवलं की मग खरं-खोटं तपासायचं कामच संपतं, उरतं काय तर त्यातलं कुठलं खोटं आपल्या मनासारखं आहे एवढंच बघायचं. त्या इंजिनिअर पोराचं खरं आम्हाला नको होतं. पुढाऱ्याचं खोटं पाहिजे होतं, निदान एक रात्र तरी बरी गेली.

निकाल २४ जूनचा. आपल्याकडं सकाळचे नऊ वाजून गेले होते, मी चहा पीत मोबाईल बघितला, बाहेर पडणार हे नक्की झालेलं, शेवटचा आकडा ५१.९ टक्के बाहेर, ४८.१ राहा. स्विंडनमध्ये ५४.७ बाहेर. स्कॉटलंडनं ६२ टक्के राहा म्हणलं तरी त्यांनाही बाहेर. दुपारी एकच्या सुमारास कॅमेरूननं राजीनामा जाहीर केला. त्याच सकाळी नायजेल फराज, बाहेर पडा म्हणणारा दुसरा एक पुढारी, टीव्हीवर म्हणाला की त्या ३५ कोटीची हमी मी देणार नाही, ती चूक होती. तो त्या बसवाल्या गटातला नव्हता हे खरंय, पण मतं मोजून झाली त्याच सकाळी ते आठवावं, आमचे लिननवाले पण शुक्रवारी फोन बंद करून बसले होते. बसवाल्यांचा मोठा चेहरा बोरिस जॉन्सन, त्याचं तर ऑक्टोबरमध्ये बाहेर आलं, त्यानं बाजू जाहीर करायच्या आधी दोन लेख लिहून ठेवले होते, एक बाहेर पडावं म्हणून आन एक राहावं म्हणून. आपल्याकडं तिकीट वाटपाच्या रात्री दोन पक्षांचे एबी फॉर्म खिशात ठेवणारे असतात, त्यांनी हे ऐकून कान पकडले असते.

मावशीला ब्रेक्झिट कळलं ते स्लॅबमधून. घराचं काम चालू होतं, पोरगं पौंड पाठवायचं. मतदानाच्या आधी पौंड शंभर रुपयांच्या आसपास, वर्ष संपायला आलं तेव्हा पंच्याऐंशीच्या खाली. वरच्या मजल्याचा स्लॅब पुढच्या उन्हाळ्यावर गेला. मावशी विचारायची, "तू कुठं काय दाबून आलास रे, की पैसे कमी व्हायलेत?" पेन्सिलनं फुली मारून आलो हे त्यानं आजवर तिला सांगितलेलं नाही. ती ब्लॉग वाचत नाही म्हणून मी लिहायलोय.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा अजिबात कळली नव्हती, कॉर्नवॉल आन वेल्सची. ब्रिटनमधले हे मागास भाग, इथं युरोपियन युनियननं रस्ते, कॉलेज, सगळ्याला भरपूर पैसा ओतला, पाट्या लावल्या, निळ्या, तारेवाल्या. आन इथंच लोकांनी बाहेर पडा म्हणलं, कॉर्नवॉलमध्ये ५६.५ टक्के, वेल्समधल्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये ६२. आन निकालाच्याच दिवशी कॉर्नवॉलच्या कौन्सिलनं सरकारकडं मागणी केली की युरोपकडून मिळायचे तेवढे पैसे आम्हाला मिळालेच पाहिजेत. पेपरवाले हसले त्यांना. मी आण्णांना सांगितलं तर आण्णा हसले नाहीत.

आण्णांचा जन्म पोलीस ॲक्शनच्या वर्षाचा, १९४८. त्यांच्या वडलांनी निजामाचं राज्य बघितलं, रझाकार बघितले. मग १९५६ ला मराठवाडा महाराष्ट्रात आला, तेव्हाचं द्विभाषिक मुंबई राज्य, आपण विनाअट आलो असं भाषणात अभिमानानं सांगतात. आण्णा म्हणतात विनाअट कामून म्हणतात, अटी होत्याच की, नागपूर करार होता १९५३ चा, निधीत वाटा, नोकरीत वाटा, शिक्षणात वाटा, आन पुढं घटनेत ३७१(२) कलम. वाटा मिळाला का हे मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती बसवावी लागली, तिथून आपल्याला 'अनुशेष' हा शब्द मिळाला, पाणी नाही मिळालं, शब्द मिळाला. वैधानिक विकास मंडळ यायला १९९४ उजाडलं आन ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली, लॉकडाऊनमध्ये, कुणाच्या लक्षातही आलं नाही. सार्वमताच्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक झाली, मराठवाड्यासाठी जवळपास ४९ हजार कोटींची घोषणा. २०२३ ला मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात परत बैठक, परत ४५ हजार कोटींच्या वर. आण्णा दोन्ही वेळेस पेपर वाचून चष्मा काढून म्हणले, "ह्या बसवर काय लिहिलंय बघू."

म्हणून आण्णांना कॉर्नवॉलवाला कळतो. पैसा येतो, पाटी लागते, पण तो पैसा कुणाला तरी विचारून कुठंतरी ठरलेला असतो, आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. एकदा कुणीतरी कागद देऊन विचारलं, हो का नाही, तर माणूस आधी इतक्या वर्षांचं न विचारल्याचं उत्तर देतो, कागदावरच्या प्रश्नाचं नंतर. "मला विचारलं असतं ना," आण्णा म्हणाले, पुढं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, मीही विचारलं नाही काय म्हणाले असते ते. मला भीती वाटली खरं तर.

ब्रिटन शेवटी ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, साडेतीन वर्षं भांडून, मध्ये दोन पंतप्रधान घालवून. बाहेरून येणारे लोक कमी होणार होते, २०२३ पर्यंत निव्वळ आकडा नऊ लाखांच्या वर गेला, त्यात आपले लोक भरपूर, म्हणजे मावसभावाचं लॉजिक एका अर्थी बरोबरच निघालं, ज्यांनी त्याच्या बाजूला फुली मारली त्यांना मात्र हे अजिबात नको होतं. स्विंडनचा होंडाचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, कंपनी म्हणाली कारण जगभरातल्या गाड्यांच्या बाजाराचं आहे, ब्रेक्झिटचं नाही, गावात कुणाला ते पटलं नाही. आता कंपनीवरही विश्वास नाही. तिथं दरवर्षी एक पाहणी होते, कोण खरं बोलतं असं वाटतं म्हणून, त्यात २०२३ ला राजकारण्यांना मिळाले ९ टक्के, चाळीस वर्षांतले सगळ्यात कमी. म्हणजे फसवणूक झाली म्हणून चिडून मत दिलं आन त्यातून विश्वास अजून घसरला. घरमालक म्हातारा वारला मधल्या काळात. ते टेबल मावसभावानं आणलं स्वतःच्या घरी, पत्रकासकट.

मावसभाऊ आता ब्रिटिश नागरिक झालाय. २०२४ च्या दिवाळीला आला तो विधानसभेच्या मतदानापर्यंत थांबला, २० नोव्हेंबर. त्याला आता इथं मत नाही, तरी सोबत आला, बूथ शाळेत होता, तो बाहेर लिंबाखाली थांबला आन आण्णांना आधी सोडलं म्हणून आण्णा मत देऊन त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. मी आत गेलो, शाई लावली, बटण दाबलं. बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसते, सात सेकंद. मी आजवर कधी नीट बघितली नव्हती. त्या दिवशी बघत राहिलो, नाव, चिन्ह, मग ती तुटून खाली पडली आन लांब बीप वाजला, मागच्या माणसानं खाकरून दाखवलं की आटपा.

बाहेर आलो तर मावसभावानं विचारलं, "दिसली का चिठ्ठी?"

"दिसली."

"मग झाला का विश्वास?"

म्हणलं, "चल, आण्णा उन्हात आलेत, लिंबाची सावली सरकली बघ."